प्रार्थनेसाठी दिलेलं नाव

या लिखाणात मी कुणाचंही नाव घालणार नाही. एकदा एका बाईचं नाव लिहिलं होतं, तेवढं पुरे झालं. माझं नाव कळून तरी तुम्हाला काय करायचंय? सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, त्यांतलीच मी एक. वय साठीला टेकलं, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा पुण्याला नोकरी करतो. स्वभाव तिखट आहे असं आमच्या पाळकबाई म्हणतात, आणि पाळकाच्या बायकोनं खोटं बोलायचं नसतं.

हल्ली आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या माणसांत, कुणीही तोंड उघडलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: दिवस वाईट आले आहेत. नाताळात गाणी म्हणत घरोघर फिरायचं बंद केलं, का, तर दिवस वाईट आहेत. मुलीच्या लग्नपत्रिकेवरचा क्रूस ऐन वेळी काढून तिथे फूल छापलं, का, तर दिवस वाईट आहेत. एका घरात भाऊ भावाशी चार वर्षं बोलत नाही, त्यालाही कारण तेच. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. मीही बातम्या बघते. सिटीबसमध्ये शेजारची बाई माझं मोकळं कपाळ बघून मग खिडकीबाहेर बघायला लागते, ते मला कळतं. पण एकदा एखाद्या गोष्टीवर सगळं ढकलता यायला लागलं की माणसाची फार सोय होते. आणि सोयीचा मला पहिल्यापासून संशय येतो.

दर बुधवारी दुपारी चारला माझ्या घरी बायकांची सभा असायची. दहा-बारा जणी, दोन गाणी, थोडं वाचन, मग प्रार्थना, मग चहा. प्रार्थनेचे विषय गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. पूर्वी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या. मी एकेक चिठ्ठी वाचायची आणि सभा संपली की फाडून टाकायची. टाळेबंदीत सभा बंद पडली तेव्हा डब्याच्या जागी फोनवरचा ग्रुप आला आणि सभा पुन्हा सुरू झाली तरी तो राहिलाच. चिठ्ठी फाडता येत होती, ग्रुपवरचं काही फाडता येत नाही, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आमच्यात एक समजूत आहे. ती कुठल्या उपदेशात ऐकलेली नाही, पण अंगात मुरलेली आहे. कुणाचं गुपित दुसरीला सांगितलं तर ती चुगली. तेच गुपित 'प्रार्थनेसाठी सांगते हं' असं म्हणून सांगितलं तर ती सेवा. कुणाचा नवरा पुन्हा प्यायला लागला, कुणाची मुलगी कुणाच्या गाडीवर दिसली, कुणाच्या गाठीचा रिपोर्ट काय आला, हे सगळं आम्हाला प्रार्थनेतून कळतं. मी तीस वर्षं ही सेवा केली. 'तुमची प्रार्थना लागते' असं बायका मला म्हणायच्या, आणि मी 'सगळं प्रभूचं' असं म्हणत आतून फुगायची.

शेजारच्या घरातली सून माझ्याकडे काज-बटणाला यायची. ते घर कपाळाला विभूती लावणारं, आपसात कानडी आणि आमच्याशी मराठी बोलणारं. वीस वर्षांचा शेजार. तिच्या सासूला मी अक्का म्हणते, ती मला बाई म्हणते. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी एकदा पाणी येतं. माझ्या नळाला जोर बरा, तिच्या नळाला नुसतं गुळणी टाकल्यासारखं. त्यामुळे पाण्याच्या दिवशी तिचा पाईप माझ्या फाटकातून आत यायचा. इतक्या वर्षांत आमचं भांडण एकदाच झालं, तेही मांजरावरून.

सून वळसंगची. दहावी शिकलेली, हाताला चपळ, बोलायला कमी. लग्नाला सहा वर्षं झालेली. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. एप्रिलातली गोष्ट. शाळांच्या ट्युनिकांचा ढीग पडलेला, पंखा गरम हवा ढवळत होता, आणि ती बटण लावता लावता खाली मान घालून म्हणाली, "काकू, एक सांगू का? कुनाला बोलू नका."

"बोल की."

"मला तिसरा चाललाय."

मी मशिनवरचे पाय थांबवले. ती सुईकडेच बघत होती. "मागच्या टायमाला सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात सगळ्यांना सांगितलं. मग गेलं तवा एकेक येऊन बसायला लागली. रोज येगळी बाई. रोज तेच. जीव नको झाला व्हता, काकू. या खेपेला पाच म्हैने झाल्याबगर घरात बी बोलायचं न्हाय, असं आमी दोघांनी ठरवलंय."

"मग मला का सांगतेस?"

"तुमची प्रार्थना लागती म्हनतात. माझ्यासाठी करा की."

"करते," मी म्हणाले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं दोरा दातानं तोडला आणि पुढची ट्युनिक ओढली.

संध्याकाळी शिवलेला गठ्ठा बांधला, हात धुतले, फोन घेतला आणि ग्रुपवर लिहिलं. शेजारच्या आपल्या बहिणीला, पुढे तिचं नाव, दोन वेळा अपयश आल्यावर पुन्हा दिवस गेले आहेत. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. प्रभूनं त्या घरात कार्य करावं म्हणून सर्वांनी प्रार्थना करा. पटापट हात जोडलेली चित्रं आली. एकीनं आमेन तीनदा लिहिलं. मला बरं वाटलं. एवढी मोठी गोष्ट तिनं विश्वासानं मला सांगितली, याचं बरं वाटलं, आणि ती मलाच सांगितली हे ग्रुपला कळलं, याचं त्याहून जास्त वाटलं. आता लपवून काय करायचंय.

आमच्यातल्या एकीनं तो मेसेज तिच्या माहेरच्या मंडळीच्या ग्रुपवर टाकला. तिचा हेतू चांगलाच, जितकी जास्त तोंडं तितकी प्रार्थना मोठी. तिथून तो आणखी कुठे गेला, मग आणखी कुठे. पंधरवडा होतो न होतो तोच त्याचा फोटो आमच्याच कॉलनीच्या ग्रुपवर आला. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं की आपल्या सुनांना फसवून धर्म बदलायला लावणारा अड्डा आपल्याच गल्लीत आहे, जागे व्हा.

तो पाण्याचा दिवस होता. मी फाटकात नळापाशी उभी होते, अक्का तिच्या दारात हंडे मांडून बसली होती. गल्लीच्या टोकाला राहणारा एक गृहस्थ फोन हातात धरून आला. अक्काला वाचता येतं ते अडखळत, म्हणून त्यानंच मोठ्यानं वाचून दाखवलं. सुनेचं नाव आलं, दिवस गेल्याचं आलं, घरी माहीत नाही हे आलं. दोन-तीन दारं उघडली. अक्का उठली, माझ्या फाटकात आली, नळावरून तिचा पाईप ओढून काढला, हातावर गुंडाळला आणि गेली. एक हंडा अर्धा भरला होता, दुसरा रिकामाच होता.

संध्याकाळी कॉलनीतले पाच-सहा जण माझ्या घरी आले. मारहाण सोडाच, साधी शिवीही कुणी दिली नाही, ते सांगितलं पाहिजे. कोचावर बसले, मी दिलेलं पाणी प्यायले. एकानं भिंतीवरच्या क्रुसाचा आणि बायबलच्या वचनांच्या कॅलेंडरचा फोटो काढला. दुसरा म्हणाला, शेजारधर्म म्हणून सांगतोय, बुधवारचं बंद करा, नाहीतर आमचा अर्ज चौकीत गेलाच आहे. त्यांच्या मागे दाराशी सुनेचा नवरा उभा होता. एकानं वळून त्याला विचारलं, तुझी बायको जाते का इथं प्रार्थनेला? तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मला काय म्हाईत न्हाय. बटनं लावायला जाती, तेवढं म्हाईत हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तिला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि वळसंगला माहेरी नेऊन सोडलं. दोनदा गेलेलं पोट, आणि मोटारसायकल. मी खिडकीत उभी होते. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. मशिनवर बसले की दोरा तुटायचा, उठले की कशाला उठले ते आठवायचं नाही. फोन वाजला की उचलावासा वाटायचा नाही, नाही वाजला की सारखा हातात घेऊन बघायची. गणवेशवाला दुकानदार ओरडत होता, शाळा उघडायला आल्या होत्या, आणि मी दिवसातून दहादा दारात येऊन शेजारच्या दाराकडे बघत होते. ते लोटलेलंच असायचं.

चौकीतून बोलावणं आलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला तर नखशिखांत खवखवत होतं. हवालदार वयानं माझ्या मुलाएवढा होता. त्यानं खुर्ची दिली आणि सरळ विचारलं, "मॅडम, त्या बाईला तुम्ही बोलावलं का ती आली?"

"ती बटणं लावायला येते."

"मग हे प्रार्थनेचं?"

"ते तिनंच सांगितलं. तिनंच मला म्हटलं, करा."

त्यानं ते लिहून घेतलं. त्याचं पेन कागदावर फिरत होतं तेव्हा मला कळलं. मी स्वतःला सोडवलं आणि तिला दुसऱ्यांदा उघडं पाडलं. आता सरकारी कागदावर होतं की तिनं मागितलं. मी म्हणाले, तेवढं वाक्य खोडा ना. तो म्हणाला, "खरं आहे ना? मग राहू द्या की, तुमच्याच फायद्याचं आहे." मी सही करून बाहेर आले आणि रिक्षा न करता उन्हात तशीच चालत सुटले. सोलापूरचं मे महिन्याचं ऊन दुपारी कुणाला चालू देत नाही. मला ते लागत असलेलं बरं वाटत होतं.

आणि मंडळी? तिथे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. रविवारी उपासनेत कमिटीतला एक तरुण सभासद उभा राहिला आणि म्हणाला की आपल्या एका बहिणीचा प्रभूच्या नावासाठी छळ होतो आहे, धन्य ती. सगळे उभे राहिले. माझ्या डोक्यावर, खांद्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. मला हुंदका आवरेना. सगळ्यांना वाटलं, प्रभूसाठी सोसते आहे म्हणून रडते. मी लाजेनं रडत होते. कुणाचा छळ, कसला छळ? एका मुलीनं मला एक गोष्ट सांगितली होती आणि 'कुणाला बोलू नका' म्हणाली होती. ती मी बोलले. बाकीच्यांनी जे केलं ते वाईट केलंच, पण त्यांच्या हातात काडी मी दिली होती. बाहेर पडताना तोच तरुण म्हणाला, पुढच्या रविवारी तुम्ही साक्ष द्या, प्रभूनं कसं सांभाळलं ते सगळ्यांपुढे सांगा, तरुणांना बळ येईल. मी चपला शोधत असल्याचं नाटक केलं.

पुण्याहून मुलाचा फोन. "आई, कुलूप लाव आणि इकडे ये. कशाला तिथे राहतेस?" मी बॅगही काढली. चार साड्या घातल्या, गोळ्यांचा डबा घातला, आणि मग ट्युनिकांकडे बघत बसले. तिनं लावलेली बटणं सगळी एका रेषेत होती. साड्या परत कपाटात ठेवल्या.

त्या आठवड्यात कमिटी बसली, पाळकसाहेबांच्या बैठकीच्या खोलीत. मला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे? मी सांगितलं, मला शेजारी जाऊन माफी मागायची आहे.

कमिटीत एक निवृत्त कारकून आहेत, कोर्टात आयुष्य गेलेले. ते म्हणाले, "बाई, असलं काही करू नका. माफी म्हणजे कबुली. उद्या तेच लोक म्हणतील, बघा, चर्चच्या बाईनं कबूल केलं."

"मी धर्माची माफी मागत नाही. मी चहाडी केली त्याची मागते."

"हा फरक तुम्हाला कळतो. ग्रुपवर कळणार आहे का?"

तरुण सभासद म्हणाला, "आपण का झुकायचं? आपण काही चुकलेलो नाही. प्रार्थना करणं गुन्हा आहे का?"

मग पाळकसाहेब म्हणाले, "ताई, दिवस वाईट आहेत. अशा वेळी शहाणपणानं वागायचं असतं. थोडं शांत राहा. आपोआप निवळेल."

माझं तिखट तिथे उसळलंच. "पाळकसाहेब, तो मेसेज मी लिहिला तो दिवस वाईट आहेत म्हणून लिहिला का? माझ्या बोटांना काय दिवसांनी धरलं होतं? आणि शहाणपण म्हणता ते शहाणपण आहे की नुसती हुशारी, ते सांगा."

पाळकबाईंनी चहाचा ट्रे आणला आणि तशाच उभ्या राहिल्या. पाळकसाहेब माणूस वाईट नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "तुमच्यावर एका घराचं ओझं आहे, ताई. माझ्यावर सगळ्या मंडळीचं आहे. खेड्यातून येणारी कुटुंबं आहेत, त्यांना परत त्याच गावात जाऊन राहायचं असतं." तेही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला आणखी संताप आला. खोट्याशी भांडता येतं. मी चहा न घेता निघाले.

घरी येऊन दोन दिवस मी स्वतःशीच वाद घातला. गेले तर मंडळीला त्रास, नाही गेले तर तिकडे ती मुलगी एकटी. वाईट दिवसांत ख्रिस्ती माणसानं कसं वागावं यावर मी आयुष्यात पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. धीर धरा, जागे राहा, घाबरू नका, सगळं ऐकलं. पण वाईट दिवसांत आपण स्वतः वाईट वागलो तर पुढे काय करायचं, हे कुणी सांगितल्याचं आठवेना. हात दाखवून अवलक्षण केलं होतं, आता तो हात खिशात घालून फिरणं मला जमत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी शेजारचं दार वाजवलं. अक्का ज्वारी निवडत बसली होती. मला बघून तिनं मान वर केली आणि पुन्हा सुपात घातली. बस म्हणाली नाही. मी उंबऱ्याच्या आत खालीच बसले.

"अक्का, चुकलं माझं. तिनं मला कुणाला बोलू नका म्हटलं होतं. मी लिहिलं. तुमचा तिच्यावर राग असेल तर तो माझ्यावर काढा."

अक्का खडे वेचत राहिली. मग एकदम सूप खाली ठेवलं. "धर्माचं, देवाचं काय बोलू नका मला. माझी सून कुटं जाती, कुनाला हात जोडती, ते माझं मी बघीन. माझ्या घरात पोर येनार हाय, बाई. सा वर्सं मी वाट बघतीय. आनि ते मला त्या मुडद्यानं उभ्या गल्लीत फोन वाचून सांगितलं. तुमच्या सगळ्या बायकांना म्हाईत, कुटल्या कुटल्या गावच्या लोकांना म्हाईत, आनि मी सासू, मला न्हाय."

"हो."

"का न्हाय बोलली ती मला? मी काय खात व्हते का तिला?"

"मागच्या वेळेला तुम्ही..." मी सुरुवात केली आणि जीभ चावली. पुन्हा तेच करायला निघाले होते. "ते तिला विचारा, अक्का. ते तिनंच सांगायचं आहे."

अक्कानं माझ्याकडे नीट बघितलं. "आता बरं तोंड मिटतंय तुमचं."

मला हसू आलं आणि रडूही आलं. तिला दोन्ही आलं नाही. तिनं सूप उचललं, चार दाणे निवडले आणि म्हणाली, "माझा फोन उचलत न्हाय ती. पोरगा जायला भितोय. मी एकली गेले तर तिला वाटंल, भांडायला आली. तुमी पाडलंय नव्हं? मग तुमीच चला उचलायला."

कारकुनांचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. मी दारातून आत जाताना कुणीतरी फोटो काढला होता, उघड्या दारातून बोलणंही ऐकलं होतं. रात्रीपर्यंत कॉलनीच्या ग्रुपवर आलं की चर्चच्या बाईनं माफी मागून कबुली दिली. कमिटीनं माझ्याकडचं प्रार्थना विषयांचं काम काढून घेतलं, आणि बुधवारची सभा चर्चच्या मागच्या खोलीत हलवली. तरुण सभासद अजून मला बघून मान वळवतो. अर्ज चौकीत अजून आहे, बंद झाला की नाही कुणी सांगत नाही. दोन कुटुंबांनी रविवारी यायचं कमी केलं, आणि ते माझ्यामुळे नाही असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मी योग्य केलं का? केलं असं मला वाटतं. रोज वाटत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघी एसटीनं वळसंगला गेलो. एका बाकावर बसलो, वाटेत दहा शब्द बोललो नसू. अक्कानं तिकिटं काढली, मला काढू दिली नाहीत. गावात उतरल्यावर ती पुढे, मी मागे. सून अंगणात कपडे वाळत घालत होती. आम्हा दोघींना एकत्र बघून तिच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं.

अक्कानं विचारलं, "कितवा?"

"पाचवा लागला."

"मग दोरीला हात वर करून काय कपडे वाळत घालतीस? आन ते हिकडं." तिनं लुगडं हिसकावून घेतलं आणि स्वतःच दोरीवर टाकलं. मग तिच्याकडे न बघताच म्हणाली, "मागल्या खेपेला मी लई बोभाटा केला. मला आनंद व्हता म्हनून केला. आता न्हाय करनार. चल घरी."

कुणी सांगितलं असेल तिला? मी तर नाही. एसटीत बसून तिनं स्वतःच शोधून काढलं असणार. सून रडायला लागली, तिची आई रडायला लागली, अक्का मात्र वाळत घातलेलं लुगडं पुन्हा पुन्हा नीट करत राहिली. मूल पुढे सुखरूप झालं, मुलगी झाली, ते इथेच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको.

निघायची तयारी सुरू झाली. अक्का आणि तिची विहीणबाई आत कानडीत काहीतरी बोलत होत्या. सून कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर ओट्यावर आली आणि माझ्याशेजारी बसली. मी तिची माफी मागितली. घरून ठरवून आणलेली वाक्यं होती, ती अर्ध्यात संपली. तिनं मान हलवली.

मग म्हणाली, "काकू, एक इचारायचं व्हतं. खरं सांगा. तुमी माझ्यासाठी प्रार्थना केली व्हती का?"

'अगं, म्हणजे काय' असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. त्या संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं, हात जोडलेली चित्रं बघितली, भाकरी टाकली, जेवले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी गणवेशांची घाई. बुधवारी सभेत तिचा विषय वाचला आणि प्रार्थना दुसरीला करायला सांगितली, कारण मला चहाचं आधण ठेवायचं होतं. नंतर मी प्रार्थना केली, पुष्कळ केली, गुडघे सुजेपर्यंत केली. माझ्यासाठी, घरासाठी, चौकीतल्या कागदासाठी, मंडळीसाठी, या वाईट दिवसांसाठी. तिच्यासाठी म्हणून एकदाही देवापुढे बसले नव्हते.

"नाही," मी म्हणाले. "केली नाही. नुसती लिहिली."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती माझ्याकडे बघत राहिली, एखाद्या लहान मुलानं बघावं तशी, अजून नीट न समजल्यासारखी.

"मी करत व्हते की रोज," ती म्हणाली. "आमच्या देवापुढं. तुमी तिकडं तुमच्या देवापुढं करताय, असं धरून."

आतून अक्कानं हाक मारली, एसटीची वेळ झाली म्हणून. ती पिशवी उचलायला वाकली. मी ती आधीच उचलली, तेवढंच मला करता आलं.